चौकोनी चांद : क्रीडमूरच्या माळावरील एक गोळी

१/
२६ सप्टेंबर १८७४, शनिवार. न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेस, लाँग आयलंड बेटावरील एका उघड्या माळावर हजारो माणसे उन्हात ताटकळत उभी होती. दिवस कलला, तशी गर्दीतली कुजबुजही थांबली. एक प्रौढ कर्नल उजव्या हाताला रुमाल गुंडाळून गवतावर आडवा झाला होता. रुमालातून रक्त पाझरत होते. समोरचे लक्ष्य १००० यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटर दूर होते.

२/
त्या क्षणी गुणफलक असा होता : आयर्लंड ९३१, अमेरिका ९३०. आयरिश संघाच्या सर्व गोळ्या झाडून झाल्या होत्या. अमेरिकेची एकच उरली होती. ही कथा त्या गोळीची आहे. तिच्याबरोबर ज्या माळावर ती झाडली गेली त्या क्रीडमूरचीही आहे, आणि कोणत्या राज्याने आपल्या कोणत्या माणसांच्या हाती बंदूक विश्वासाने दिली, या प्रश्नाचीही.

३/
नेमबाजीच्या सरावाच्या मैदानाला आपल्याकडे जुना शब्द आहे : चांदमारी. लक्ष्याच्या मधोमध रंगवलेला गोल ठिपका म्हणजे ‘चांद’, आणि त्यावर मारा करण्याची जागा म्हणजे चांदमारी. देशातील अनेक लष्करी ठाण्यांजवळच्या वस्त्यांना आजही हे नाव चिकटलेले आहे. क्रीडमूरही एक चांदमारीच होती. फरक इतकाच की १८७४ साली तिथला चांद गोल नव्हता, चौकोनी होता. त्याकडे पुढे वळू.

४/
आरंभ अमेरिकेच्या यादवी युद्धापासून करावा लागतो. जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्गची लढाई संपल्यावर रणांगणावरून सुमारे २७ हजार बंदुका गोळा करण्यात आल्या. त्यांपैकी सुमारे २४ हजार ठासलेल्या अवस्थेतच होत्या, आणि हजारो बंदुकांत एकावर एक दोन-दोन, तीन-तीन बार ठासलेले आढळले, अशी नोंद इतिहासकार देतात. धुराने आणि भीतीने गोंधळलेला सैनिक बंदूक ठासत राहिला, पण ती उडाली की नाही हेही त्याला उमगले नाही.

५/
हा दोष शौर्याचा नव्हता. बंदुकीच्या नळीत आटे आले होते, त्यामुळे गोळीचा पल्ला पूर्वीपेक्षा कितीतरी वाढला होता. माणसाचा सराव मात्र जुनाच राहिला. रांगेत उभे राहणे, एका तालात बंदूक ठासणे आणि हुकूम होताच एकदम बार काढणे यालाच शिक्षण समजले जाई. अंतराचा अंदाज घेणे, वाऱ्याचा हिशेब करणे आणि चाप हळुवार दाबणे या गोष्टी शिकवणारे फारच थोडे होते.

६/
ही उणीव दोन माणसांच्या मनात सलत राहिली. विल्यम कॉनंट चर्च हे लष्करी विषयांवरील एका नियतकालिकाचे संपादक होते, तर जॉर्ज विंगेट हे वकील आणि न्यूयॉर्कच्या नॅशनल गार्डमधील अधिकारी. त्यांच्या पुढाकाराने नोव्हेंबर १८७१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली. आज हे नाव अमेरिकेच्या राजकारणातील कडव्या वादांशी जोडलेले आहे. स्थापनेच्या वेळचा हेतू साधा होता : नागरी सैनिकाला नेम धरायला शिकवणे.

७/
संस्थेचे पहिले अध्यक्ष होते जनरल अँब्रोज बर्नसाइड. फ्रेडरिक्सबर्गच्या पराभवामुळे इतिहासात त्यांचे नाव थोडे मलूल झाले, तरी बंदुकीच्या रचनेत त्यांना गती होती. कानापासून गालावर उतरणाऱ्या त्यांच्या भरघोस कल्ल्यांवरूनच इंग्रजीतला ‘साइडबर्न्स’ हा शब्द आला. म्हणजे त्यांच्या लढाया विस्मरणात गेल्या, तरी कल्ले अजरामर झाले.

८/
अमेरिकनांपुढे नमुना होता इंग्लंडचा. १८५९ मध्ये फ्रान्सच्या आक्रमणाच्या धास्तीने ब्रिटनमध्ये स्वयंसेवक दले उभी राहिली. त्यांच्या सरावासाठी १८६० पासून लंडनजवळच्या विंबल्डनच्या माळावर स्पर्धा भरू लागल्या. उद्घाटनाचा पहिला बार राणी व्हिक्टोरियाने काढला. व्हिटवर्थ रायफल चौकटीत घट्ट बसवलेली होती आणि राणीने केवळ रेशमी दोरी ओढली. गोळी ४०० यार्डांवरील लक्ष्याच्या मध्याजवळ लागली. दरबारी नेमबाजीचा यापेक्षा सुरक्षित नमुना सापडणे कठीण!

९/
स्वयंसेवकांची ही चळवळ इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये पसरली. आयर्लंडला मात्र तिच्यातून वगळण्यात आले. तिथल्या नागरिकांच्या हाती रायफली दिल्या तर त्या कोणाकडे रोखल्या जातील, याची लंडनला खात्री नव्हती. त्यामुळे आयर्लंडमधली नेमबाजी खासगी संस्थांच्या आणि सुस्थित लोकांच्या हाती राहिली. १८६७ मध्ये आर्थर ब्लेनरहॅसेट लीच यांनी आयरिश रायफल असोसिएशन काढली, ती या पार्श्वभूमीवर.

१०/
इकडे न्यूयॉर्कमध्ये नव्या संस्थेला जागा हवी होती. शहरापासून दूर, आडवळणाला, तरीही रेल्वेने गाठता येईल अशी. १८७२ मध्ये राज्याच्या आर्थिक मदतीने लाँग आयलंडवरील क्रीड कुटुंबाची शेतजमीन घेण्यात आली. कर्नल हेन्री शॉ यांना ती सपाट, झाडे नसलेली जमीन पाहून इंग्लंडच्या ‘मूर’ची, म्हणजे ओसाड माळांची आठवण झाली आणि त्यावरून ‘क्रीडमूर’ हे नाव पडले, असे सांगतात. जून १८७३ मध्ये तिथे पहिल्या स्पर्धा भरल्या.

११/
माळाची रचना समजून घेतली की पुढची गोष्ट नीट उलगडते. एका टोकाला मातीचा उंच बांध, त्याच्यासमोर ओळीने उभी केलेली लोखंडी लक्ष्ये. दुसऱ्या दिशेला ठरावीक अंतरांवर गोळीबाराच्या रेषा. अंतर बदलले की लक्ष्य हलत नसे. नेमबाजच आपले सामान उचलून मागच्या रेषेवर जात. सोबत वारा दाखवणारी निशाणे, दुर्बिणी आणि गुण टिपणारे कारकून असत.

१२/
लांब पल्ल्याचे लक्ष्य १२ फूट रुंद आणि ६ फूट उंच असे. मधोमध ३ फुटांचा काळा चौकोन, त्याला ४ गुण. त्याभोवतीच्या ६ फुटी चौकोनाला ३ गुण. दोन्ही बाजूंच्या उरलेल्या पट्ट्यांना २ गुण. तीन फुटांचा चौकोन कागदावर मोठा वाटतो. पण १००० यार्डांवरून तो दिसतो तो १० मीटरवर ठेवलेल्या १ सेंटिमीटरच्या चौकोनाएवढा. आणि त्या वेळी तो पाहायचा होता नुसत्या डोळ्यांनी, कारण बंदुकीवर दुर्बीण लावण्यास मनाई होती.

१३/
तुलनेसाठी : कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले, ते ५० मीटर रायफल प्रकारात. तिथले लक्ष्य कमालीचे सूक्ष्म असते आणि अचूकता केसाइतकी लागते. क्रीडमूरचे अंतर त्याच्या अठरा पटींहून अधिक होते. तिथला खरा शत्रू लक्ष्याचा लहानपणा नव्हता, मधल्या मोकळ्या मैदानातला वारा होता.

१४/
काळ्या दारूच्या जोरावर सुटलेली जड शिशाची गोळी १००० यार्ड कापायला सुमारे तीन सेकंद घेई. वाटेत ती मोठी कमान करून वर चढे आणि मग खाली येई. लोखंडावर ती आदळल्याचा आवाज परत यायला आणखी अडीच सेकंदांहून अधिक वेळ लागे. म्हणजे चाप ओढल्यावर पाच-सहा सेकंद नेमबाजाच्या कानी काहीच पडत नसे. तो ‘टण्’ ऐकू आला, तरी गोळी कुठे लागली हे कळायचे बाकीच असे.

१५/
ते कळे ते खंदकातल्या माणसाकडून. लक्ष्याजवळच्या आडोशात बसलेला निरीक्षक गोळीची खूण पाहून लांब काठीवरची रंगीत तबकडी लक्ष्यासमोर धरी. पांढरी तबकडी म्हणजे मधला काळा चौकोन, चार गुण. इतर भागांसाठी वेगळे रंग. तबकडी वर आलीच नाही तर गोळी वाया. पांढरी तबकडी लक्षात ठेवावी. कथेच्या अखेरीस ती पुन्हा येणार आहे.

१६/
१८७३ मध्ये आयर्लंडच्या संघाने विंबल्डनला इंग्लंड आणि स्कॉटलंड दोघांनाही हरवून मानाची एल्को ढाल प्रथमच जिंकली. ज्या बेटाला स्वयंसेवक दले नाकारली गेली, त्याच बेटाच्या नेमबाजांनी राज्यकर्त्यांना त्यांच्याच माळावर मात दिली. या विजयाच्या भरात लीच यांनी न्यूयॉर्कच्या ‘हेरल्ड’ वृत्तपत्रातून अमेरिकेच्या नेमबाजांना जाहीर आव्हान दिले.

१७/
आव्हान स्वीकारले न्यूयॉर्कच्या अमॅच्युअर रायफल क्लबने. क्लब नवखा होता. त्याच्या सभासदांचा सराव मुख्यतः ५०० यार्डांपर्यंतचा, आणि सामना ठरला ८००, ९०० व १००० यार्डांचा. आटापाट्यांत तरबेज असलेल्या पोरांनी थेट मॅरेथॉनचे निमंत्रण घ्यावे, तसा हा प्रकार होता. निवडीसाठी महिनोन्‌महिने सराव सामने झाले, आणि त्यांतून संघ घडत गेला.

१८/
अटी अशा : प्रत्येक संघात सहा नेमबाज. प्रत्येकाने प्रत्येक अंतरावरून १५ गोळ्या झाडायच्या. बंदुकीचे वजन १० पौंडांहून अधिक नको. तिला कोणताही कृत्रिम आधार द्यायचा नाही. आयरिशांनी डब्लिनच्या रिग्बी कारखान्याच्या बंदुका वापरायच्या, अमेरिकनांनी अमेरिकेत बनलेल्या. एका नेमबाजाचे कमाल गुण १८०, संघाचे १०८०.

१९/
इथे आणखी एक सामना दडलेला होता : यंत्राचा. रिग्बीच्या बंदुका ठासणीच्या होत्या. तोंडातून दारू ओतायची, गोळी सरकवायची, गजाने अलगद बसवायची. काम संथ, पण बार अतिशय एकसारखा. अमेरिकन बंदुका मागून काडतूस भरण्याच्या. त्या झटपट भरल्या जात, पण लांब पल्ल्यावर त्या ठासणीच्या बंदुकीची बरोबरी करतील यावर जाणकारांचा विश्वास नव्हता. काळ्या दारूची काजळी नळीत साचे आणि पुढची गोळी भरकटे, हा मुख्य आक्षेप.

२०/
रेमिंग्टन आणि शार्प्स या दोन अमेरिकन कारखान्यांनी या सामन्यासाठी खास बंदुका तयार केल्या. संघात त्यांची विभागणी निम्मी-निम्मी होती. हेन्री फुल्टन, जॉन बोडाइन आणि एल. एल. हेपबर्न यांच्या हाती रेमिंग्टन; जी. डब्ल्यू. येल, हेन्री गिल्डरस्लीव्ह आणि जनरल टी. एस. डेकिन यांच्या हाती शार्प्स. हेपबर्न हे तर स्वतः रेमिंग्टनच्या कारखान्यात काम करणारे कारागीर होते. कर्णधार विंगेट.

२१/
आयरिश संघात बंदूक कारखानदार जॉन रिग्बी स्वतः होते. सोबत डॉ. हॅमिल्टन, जेम्स विल्सन, जे. के. मिल्नर, एडमंड जॉन्सन आणि कॅप्टन वॉकर. कर्णधार लीच. दुष्काळाच्या वर्षांत आयर्लंडमधून लाखो गरीब माणसे जहाजांत कोंबून अमेरिकेस आली होती. त्यांची न्यूयॉर्कमधली मुले-माणसे आणि हे सुखवस्तू पाहुणे यांच्यात धर्म, पैसा आणि राजकारण यांचे अंतर होते. तरीही मायदेशाचे नाव घेऊन कोणी मैदानात उतरले, की अंतरे काही काळ पुसट होतात.

२२/
सामन्याच्या दिवशी माळावर पाच ते आठ हजार प्रेक्षक जमले, असे वृत्तान्त सांगतात. नेमबाजी पाहायला एवढी गर्दी हे त्या देशात नवलच. पाहण्यासारखे खरे तर फार थोडे होते : गवतावर कोणी पालथा, कोणी उताणा पडून पायांच्या आधाराने नळी तोलणारा, धुराचा लोट, दूरवर हलणारी तबकडी. पण गुण एकेक करून वाढू लागले, आणि गर्दीला हिशेबाची चटक लागली.

२३/
८०० यार्डांवर अमेरिकेने ३२६ गुण केले, आयर्लंडने ३१७. नवख्यांनी नऊ गुणांची आघाडी घेतली होती. मात्र अंतर वाढेल तशी आयरिशांची मुरलेली नजर कामी येणार, असा कयास होता आणि तो खराही ठरला. ९०० यार्डांवर आयर्लंड ३१२, अमेरिका ३१०. आघाडी सातवर आली.

२४/
याच दिवसात एक अशी चूक घडली जी आयरिश नेमबाजांना विसरता आली नसेल. मिल्नरने नेम धरला, चाप ओढला आणि गोळी अचूक मधल्या चौकोनात बसली. पण ती शेजारच्या लक्ष्याच्या चौकोनात. ओळीने उभ्या एकसारख्या लक्ष्यांपैकी चुकीचे निवडले गेले होते. नेम निर्दोष, गुण शून्य. चार गुण हवेत विरले.

२५/
मधल्या भोजनप्रसंगी वातावरण यजमान-पाहुण्यांचे होते. लीच यांनी अमेरिकन नेमबाजांना चांदीचा एक सुरेख चषक भेट दिला. हा लीच चषक पुढे लांब पल्ल्याच्या अमेरिकन नेमबाजीतील सर्वांत जुन्या पारितोषिकांपैकी एक ठरला. पराभूत होण्यापूर्वीच प्रतिस्पर्ध्याला चषक देऊन टाकणारा कर्णधार इतिहासात क्वचित भेटतो.

२६/
मग १००० यार्ड. आयरिश संघ एकेक गुण कुरतडत पुढे सरकला. त्यांची अखेरची गोळी झाली तेव्हा त्यांची या अंतरावरील बेरीज ३०२ होती आणि एकूण ९३१. अमेरिकेच्या गोळ्या संपत आल्या. शेवटी उरला तो कर्नल बोडाइन, ९३० वर अडकलेला संघ, आणि एक काडतूस.

२७/
आता त्या रुमालाची गोष्ट. उन्हाने तहानलेल्या बोडाइनच्या हाती कोणीतरी जिंजर बिअरची बाटली दिली होती. बाटली हातातच फुटली आणि काचेने उजवा हात कापला. चाप ओढायचा तोच हात. जखमेवर रुमाल गुंडाळून तो रेषेवर आला. त्याचे सहकारी त्याला भरवशाचा गडी मानत. भरवशाची परीक्षा इतकी नाट्यमय क्वचितच होते.

२८/
इथे थोडे गणित करावे. जिंकण्यासाठी मधला चौकोनच भेदायला हवा होता, असे ही कथा ऐकताना वाटते. तसे नव्हते. लक्ष्याच्या कडेच्या पट्टीवर गोळी लागली असती तरी २ गुण मिळून अमेरिका ९३२ वर गेली असती. विजयासाठी लक्ष्याला कुठेही स्पर्श पुरेसा होता. पण गोळी पूर्ण चुकली असती तर सामना एका गुणाने गेला असता. नेमबाज हा हिशेब डोक्यात ठेवून नेम धरत नसतो. तो मध्यच शोधतो.

२९/
बोडाइनने घाई केली नाही. श्वास सोडला, माशी चौकोनावर स्थिरावली, चाप ओढला. धूर. मग ती पाच-सहा सेकंदांची शांतता. दुरून लोखंडाचा नाद आला आणि गर्दी हलली. पण नाद फक्त ‘लागली’ एवढेच सांगतो. आणखी काही क्षणांनी खंदकातून तबकडी सावकाश वर आली आणि काळ्या चौकोनावर स्थिरावली. पांढरी होती.

३०/
अंतिम गुण : अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१. सर्वांत पुढे फुल्टन, १८० पैकी १७१. आयरिशांत सर्वाधिक रिग्बी, १६३. बोडाइनचे १५८. आणि मिल्नर? त्याचे १५४. चुकीच्या लक्ष्यावरची ती गोळी योग्य जागी लागली असती, तर आयर्लंड ९३५ वर पोहोचून एका गुणाने जिंकले असते. बोडाइनची अखेरची गोळी सर्वांना आठवते. सामना फिरवणारी गोळी मात्र कदाचित ती दुसरी होती, जिने कोणाचाच गुण वाढवला नाही.

३१/
यावरून यंत्रांविषयीही सावध निष्कर्ष काढावा लागतो. मागून भरण्याची बंदूक जिंकली, असे म्हणणे सोपे आहे. प्रत्यक्षात १०८० पैकी तीन गुणांचा फरक होता. एवढ्यावरून कोणते तंत्र श्रेष्ठ हे सिद्ध होत नाही. सिद्ध झाले ते इतकेच की नवे तंत्र जुन्याच्या खांद्याला खांदा लावून उभे राहू शकते. जून १८७५ मध्ये डब्लिनजवळच्या डॉलीमाउंटला परतीचा सामना झाला, तिथे अमेरिकेने ९६७ विरुद्ध ९२९ असा स्वच्छ विजय मिळवला. तेव्हा शंका उरली नाही.

३२/
एव्हाना चौकोनी चांद इतिहासजमा होत होता. १८७५ पासून गोल मध्याची लक्ष्ये आली आणि अचूक गोळीला पाच गुण मिळू लागले. १८७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त क्रीडमूरला आयर्लंड, स्कॉटलंड, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाचे संघ आले. अमेरिकेने आयर्लंडवर २२ गुणांनी मात केली. ‘पाल्मा’ नावाचा तो करंडक आजही लांब पल्ल्याच्या जागतिक नेमबाजीत मानाचा आहे.

३३/
पराभूत जॉन रिग्बींचे पुढे काय झाले? १८८७ मध्ये ते एनफिल्डच्या सरकारी शस्त्र कारखान्याचे प्रमुख झाले. ब्रिटिश सैन्याची ली-मेटफर्ड रायफल त्यांच्याच कारकिर्दीत आली. त्यांच्या घराण्याच्या कारखान्याचे नाव भारतीय वाचकाला आणखी एका कारणाने परिचित असेल. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना बक्षीस मिळालेली रायफल रिग्बीचीच होती.

३४/
आणि त्याच काळातला भारत? १८५७ च्या आरंभी एनफिल्ड काडतुसांचा असंतोष धुमसू लागला तो कलकत्त्याजवळच्या डमडममधून, जिथे शिपायांना नव्या रायफलीचे शिक्षण दिले जात होते. म्हणजे तोही एका नेमबाजी शाळेचाच परिसर. उठावानंतर हिंदी पलटणींना मुद्दाम दुय्यम दर्जाच्या बंदुका देण्यात आल्या. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्याची बंदी केली, युरोपियनांना मात्र सूट दिली.

३५/
हा विरोधाभास नीट पाहावा. न्यूयॉर्क राज्य नागरिकाला नेम शिकवण्यासाठी शेत विकत घेऊन देत होते. लंडन स्वतःच्या नागरिकाला शिकवत होते, आयरिश माणसाबाबत साशंक होते, आणि हिंदी माणसाच्या हातातून बंदूक काढून घेत होते. काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांत शस्त्र कायदा शिथिल करावा आणि हिंदी लोकांना स्वयंसेवक दलांत घ्यावे, अशा मागण्या झाल्या, त्या या अविश्वासाला उद्देशून. चांदमारीचा माळ हा राज्याच्या विश्वासाचा नकाशाच असतो.

३६/
अमेरिकेचाही नकाशा निष्कलंक नव्हता. ज्या नॅशनल गार्डसाठी असे सराव चालत, त्याच्याच तुकड्या १८७७ च्या देशव्यापी रेल्वे संपात कामगारांसमोर उभ्या करण्यात आल्या. नागरी सैनिकाला नेम शिकवला, की तो कोणावर धरायचा हा प्रश्न लगेच पाठोपाठ येतो.

३७/
क्रीडमूरचा बहर अल्पजीवी ठरला. १८८० च्या सुमारास न्यूयॉर्कचे राज्यपाल अलोन्झो कॉर्नेल यांनी या खर्चाला हात आखडता घेतला. शांततेच्या काळात गार्डला संचलनापलीकडे काय काम, असा त्यांचा दृष्टिकोन असल्याचे सांगतात. उत्साह ओसरला, भोवती वस्ती वाढू लागली. १८९० मध्ये जमीन राज्याकडे परत गेली आणि १८९२ मध्ये मोठ्या स्पर्धा न्यू जर्सीतील सी गर्टला हलल्या. योगायोग असा की विंबल्डनच्या माळालाही शहराने गिळले, आणि तिथल्या स्पर्धा १८९० मध्येच बिस्लीला गेल्या.

३८/
१९१२ मध्ये क्रीडमूरच्या जागेवर मनोरुग्णालय सुरू झाले. पुढे ते हजारो रुग्णांचे विशाल संकुल बनले. अमेरिकेचे लोकगायक वुडी गथ्री यांचा १९६७ मध्ये मृत्यू झाला तो याच रुग्णालयात. न्यूयॉर्कच्या दोन पिढ्यांसाठी ‘क्रीडमूर’ या शब्दाचा अर्थ वेड्यांचे इस्पितळ एवढाच उरला. त्याच नावावर कधी एक अख्खे शहर श्वास रोखून उभे होते, हे बहुतेकांच्या गावीही नव्हते.

३९/
माळ आता क्वीन्स उपनगराच्या पोटात आहे. आसपासच्या भागात आज भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. गल्ल्यांच्या पाट्या वाचल्या तर जुने नाव हळूच डोके वर काढते : मस्केट स्ट्रीट, पिस्टल स्ट्रीट, सेबर स्ट्रीट, रेंज स्ट्रीट, विंचेस्टर बुलेव्हार्ड. नेमबाजांच्या जगात २००७ पासून ‘६.५ क्रीडमूर’ नावाचे काडतूस प्रसिद्ध आहे. ते वापरणाऱ्या अनेकांना हे एका शेताचे नाव होते याची कल्पना नसते.

४०/
गोळीबाराच्या मैदानाचे अवशेष फारसे उरत नाहीत. मातीचे बांध सपाट होतात, लोखंड भंगारात जाते, शिसे जमिनीत मुरते. उरतात त्या पाट्या आणि दोन आकडे : ९३४ आणि ९३१. त्या तीन गुणांच्या अंतरात एक रक्ताळलेला हात आहे, आणि शेजारच्या लक्ष्यावर अचूक लागलेली, कोणाच्याच खाती न पडलेली एक गोळीही आहे. जेत्याची गोळी सांगताना ती दुसरी वगळू नये.